सत्तावीस अंगठे

दुसरीच्या पालकांच्या ग्रुपवर जी बाई सगळं ठरवते, तिचं नाव मी मॉनिटर ठेवलं आहे. तिला कुणी निवडून दिलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "कुणी जबाबदारी घेणार का?" आणि दोन मिनिटांनी स्वतःच लिहिलं, "ठीक आहे, मी घेते." तेव्हापासून डब्यात काय द्यायचं इथपासून सहलीला कुठल्या रंगाची टोपी घालायची इथपर्यंत तिचा शब्द शेवटचा.

वर्ष संपत आलं तसा वर्गणीचा मेसेज आला. वर्गाच्या बाईंना भेट द्यायची आहे, रक्कम ठरलेली, शुक्रवारपर्यंत पाठवा. खाली एकतीस मुलांची यादी. पैसे देणाऱ्याने आपल्या मुलाच्या नावापुढे हिरवी खूण करायची आणि यादी पुन्हा ग्रुपवर टाकायची. म्हणजे दर तासाला यादी यायची आणि कोण राहिलंय ते सगळ्या दुनियेला कळायचं. चौकात उभं राहून नाव पुकारायचं तेवढं बाकी होतं.

मी लिहिलं, "ज्याला जमेल तेवढं त्याने द्यावं. आणि यादी नको." त्यावर एक अंगठा आला, तोही बहुतेक कुणाचा चुकून लागलेला. मग मॉनिटरचं उत्तर: "सगळ्यांचं ठरलं आहे. कृपया वाद नको." सगळ्यांचं कधी ठरलं? कुठे ठरलं? माझं डोकंच फिरलं. त्या महिन्यात ओढाताण होती, पण ओढूनताणून दिले असते. दिले नाहीत ते रागाने. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या रागाची किंमत मला नाही, लेकीला मोजावी लागली.

माझी लेक डावखुरी. पहिलीत तिच्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात कोंबायचे, आणि ती घरी येऊन वह्या फेकायची. दुसरीच्या या बाईंनी पहिल्याच दिवशी तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, शेजारच्याचं कोपर लागू नये म्हणून. एवढंच केलं. तेव्हापासून घरात बाईंशिवाय दुसरा विषय नाही. बाईंना मोजायची सवय आहे. वर्ग जिना उतरताना त्या प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावून मोजतात आणि शेवटी म्हणतात, "एकतीस. पूर्ण आहोत. निघा." एक जरी कमी भरला तरी कुणी पायरी उतरायची नाही. लेक घरी चमचे तसेच मोजते, मगच जेवायला बसते.

भेट म्हणून मॉनिटरने एका मोठ्या कागदावर सगळ्या मुलांचे रंगीत अंगठे घ्यायचं ठरवलं. शिवाय एक महागडं घड्याळ. एका सकाळी फाटकाशी रंगाची ताटली घेऊन ती उभी होती. लेकीला सोडायला नेहमी तिचे बाबा जातात, त्यामुळे मी तिथे नव्हते. लेक दुपारी अंगठा निळा करून घरी आली.

"मी डावा दिला. बाईंना कळेल ना माझा कुठला ते?"

"कळेल की. न कळायला काय झालं?"

"मला शेवटी शेवटी बोलावलं. पण शेवटच्यांचा रंग दाट येतो."

चार दिवसांनी तो कागद माझ्याच टेबलावर येऊन पडला.

माझं फ्रेमचं दुकान आहे. काच, पुठ्ठे, लाकडी पट्ट्या आणि मी, असा चौघांचा संसार. मॉनिटर आत आली तेव्हा मी तिला लगेच ओळखलं, तिचा फोटो रोज दिसतो. तिने मला ओळखलं नाही. ग्रुपवर माझ्या नावापुढे दुकानाच्या पाटीचा फोटो आहे.

तिने कागद उलगडला. नऊ-नऊ अंगठ्यांच्या तीन ओळी आणि खाली चारच अंगठ्यांची चौथी. नावं नव्हती. पण खालच्या ओळीतला पहिला निळा अंगठा उलट्या बाजूला कलला होता आणि त्यावर मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती. गेल्या वर्षी याच दुकानात, याच टेबलापाशी लेकीला काच लागली होती. ती खूण माझ्या डोळ्यांत कायमची बसली आहे.

"एक करा ताई, माउंट जरा वर घ्या," मॉनिटर म्हणाली. माउंट म्हणजे चित्राच्या कडेने आतून लावायची जाड कागदाची चौकट. "ही खालची ओळ त्यात झाकली गेली पाहिजे."

"का? चांगले उमटलेत की."

"त्यांची वर्गणी आली नाही. घेताना मुलांना वाईट वाटू नये म्हणून घेतले, शेवटी ठेवले. म्हटलं, येतील पैसे. पण बाकीच्यांवर अन्याय नको ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षांच्या पोराच्या अंगठ्याला पावती लागते?

"त्यातली पहिली माझी मुलगी आहे," मी म्हणाले.

ती क्षणभर गोंधळली. मग हसली, आणि ते हसू मी जन्मात विसरणार नाही. "अहो, मग आधी सांगायचं ना! तुमच्या मुलीचा राहू दे. फ्रेमचे पैसे घेऊ नका, तीच तुमची वर्गणी. बाकीचे तीन तेवढे झाका."

आता जे लिहिते त्याची मला लाज वाटते. मी मापाची पट्टी उचलली. निळ्या अंगठ्याभोवती पट्टी धरून पाहिली. तो ओळीच्या टोकाला होता, माउंटला त्या कोपऱ्यात खाच दिली असती तर नेमका तेवढाच दिसला असता. उरलेल्या तीन पोरांना मी ओळखतही नव्हते. मग त्यांतला एक पिवळा अंगठा दिसला, इतका जोरात दाबलेला की रंग बाजूला फुटला होता. कुणीतरी जीव लावून दाबला होता तो. मी पट्टी खाली ठेवली.

"चौघांचे दिसतील. नाहीतर दुसरं दुकान बघा."

तिने कागदाची गुंडाळी केली आणि नाक मुरडून गेली. मी मोठी लढाई जिंकल्यासारखी बसले. रात्रीचा स्वयंपाक करताना डोक्यात प्रकाश पडला की मी मूर्खासारखं हातातलं सोडून दिलं. गप्पगुमान काम घेतलं असतं, तर चौथी ओळ माझ्या ताब्यात होती! रागात मी नेहमी अशीच तोंडावर पडते. तेव्हाच ग्रुपवर लिहिलं: "चार मुलांचे अंगठे झाकू नका." पंचवीस जणांनी वाचलं. एकाने "शुभ संध्याकाळ" लिहिलं. नंतर मला ग्रुपमधून काढून टाकलं. पंचवीस धडधाकट माणसं, आणि एकालाही तोंड नव्हतं.

लेकीला मी काही सांगितलं नाही. ती रोज विचारायची, "बाई तो घरी लावतील की वर्गात?" मी म्हणायचे, "बघू."

शेवटच्या दिवशी दुकान बंद करून तशीच शाळेत गेले. बाकं भिंतीला लावली होती, मुलं जमिनीवर, पालक मागे उभे. दाराशी पहारेकऱ्याच्या गणवेशात एक बाप उभा होता. पिवळा रंग नखात राहिलेल्या एका मुलाने त्याला हात केला.

मॉनिटरने भाषण केलं. "आम्हा सगळ्यांकडून," असं तीनदा म्हणाली. बाईंनी घड्याळाची डबी न उघडताच बाजूला ठेवली आणि फ्रेम मांडीवर घेतली. सुंदर सोनेरी पट्टी होती, काम सफाईचं होतं. ते बघून मला आणखीच चीड आली.

"अगं बाई, केवढे अंगठे!" बाई हसल्या, आणि सवयीने काचेवर बोट ठेवून मोजायला लागल्या. मुलंही त्यांच्याबरोबर मोठमोठ्याने मोजत होती. सत्तावीसला बोट थांबलं. मुलं मात्र अठ्ठावीस म्हणून गेली.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सत्तावीस.

"चार कुठे आहेत?"

मॉनिटर पुढे झाली. "बाई, ते जरा... जागा पुरली नाही."

"माझा खालच्या ओळीत होता," माझी लेक म्हणाली. तक्रार नव्हती. बाईंना शोधायला मदत करत होती. "निळा. डावा. बघा ना, रेघ आहे त्याच्यावर."

बाईंनी काचेकडे पाहिलं, मग मॉनिटरकडे, मग मागे उभ्या आम्हा सगळ्यांकडे. बरेच जण जमिनीकडे बघत होते.

"हे उघडता येतं का कुणाला?"

पक्कड माझ्या पिशवीत असतेच. मी पुढे गेले, फ्रेम टेबलावर पालथी घातली आणि मागचे खिळे उपटायला लागले. एक खिळा उडून कुठेतरी गेला. पुठ्ठा काढला. चौथी ओळ कापली नव्हती, मागे दुमडली होती. मी कागद उलगडला, तळव्याने दाबला, पण घडी पक्की बसली होती.

"ही आता जाणार नाही, बाई," मी म्हणाले. "माउंटची पट्टी लावून झाकता येईल."

"काही झाकू नका. दिसू दे."

त्यांनी कागद उभा धरला आणि घडीखाली बोट टेकवलं. अठ्ठावीस. एकोणतीस. पिवळ्यापाशी तीस म्हणाल्या, आणि दारातल्या बापाने मान वळवून डोळे पुसले. शेवटी त्या ओळीच्या सुरुवातीला आल्या, निळ्या अंगठ्यावरची पांढरी रेघ पाहिली, मग माझ्या लेकीकडे पाहिलं.

"एकतीस," त्या म्हणाल्या. "आम्ही पूर्ण आहोत."

मुलं जागची उठायला लागली. बाईंनी हाताने त्यांना खाली बसवलं, घड्याळाची डबी उचलून मॉनिटरच्या हातात ठेवली आणि आम्हा मोठ्यांना दार दाखवलं.

"तुम्ही निघा."