तीन दारुमांचा दुसरा डोळा

प्रश्न विचारून किकुए आजी चहा फुंकू लागल्या होत्या, आणि प्रचार कार्यालयात रॉकेलचा स्टोव्ह तेवढा उसासे टाकत होता. फळीवर तीन लाल, गोलमटोल दारुमा, म्हणजे नवसाच्या बाहुल्या, ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीचा एक डोळा काळ्या शाईने उघडलेला, दुसरा अजून कोरा. तो विजयाच्या दिवशी रंगवायचा. एरवी एका उमेदवारामागे एक बाहुली असते. इथे तीन विरोधी पक्षांनी मिळून उमेदवार एकच दिला होता, बाहुली मात्र ज्याने त्याने आपापली आणली होती.

"जिंकलात तर आधी कुणाचा डोळा उघडणार?" एवढंच आजींनी विचारलं होतं.

बाहेर बर्फ पडत असूनही त्या एकुलत्या उमेदवाराला, सायगुसा मास्तरांना, घाम फुटला. आजी बंदरावरच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मासळी सुकवणाऱ्या साऱ्या बायका त्यांच्या शब्दावर मत टाकत. दोनदा आपटी खाल्लेल्या मास्तरांना तिसऱ्यांदा पडायचं नसेल, तर तो शब्द हवाच होता.

"त्यासाठी तिन्ही पक्षांची बैठक बोलावू," ते म्हणाले.

"बर्फ पडल्यावर फावडं कुणी धरायचं, याचीही बैठक घ्याल तुम्ही."

शेजारी बसलेले मित्रपक्षांचे दोघे, होशिना आणि मुकाई, एकाच वेळी हसले आणि एकमेकांना हसताना पाहून एकाच वेळी थांबले.

"पण आजी, सत्ताधाऱ्यांचा तो कुरोइवा," मास्तरांनी सूर बदलला, "धक्क्याच्या कामात त्याने किती खाल्लं, ते तुम्हीच मला सांगितलंत."

"लबाडच आहे मेला. पण माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीला पहिल्या रांगेत बसला होता. आणि शिव्या घालायच्या तर कुठल्या दारात उभं राहायचं, ते ठाऊक आहे मला. तीस वर्षं तेच दार, तीच पाटी."

"माझ्या दारात या ना. हक्काने शिव्या घाला."

"येईन हो. पण पाटी कुठली शोधू, मास्तर? पहिल्या खेपेला तुमचा पक्ष 'नवं वारं' होता, मग 'पहाट' झाला. आता काय आहे?"

"खुलं क्षितिज," मास्तर पुटपुटले. त्या नावातून त्यांनाही आज पलीकडचं काही दिसेना.

मग मात्र त्यांच्यातला जुना वर्गशिक्षक जागा झाला. ते उठले, दोन बाहुल्या उचलून खाली टेबलाआड ठेवल्या आणि फळीवर एकच उरू दिली. खोली एकदम नीटनेटकी वाटू लागली, आणि आजींच्या भुवया कौतुकाने किंचित वर गेल्या. त्या एका क्षणात मास्तरांना साऱ्या बंदरावर दिवे लागल्याचा भास झाला.

"राहिली ती तुमच्याच पक्षाची वाटतं," होशिना शांतपणे म्हणाले.

"हे आपलं ठरलं नव्हतं," मुकाईंनी जोड दिली. "आमच्या कार्यकर्त्यांना काय तोंड दाखवू?"

मास्तरांनी आजींकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे. पत्रकं वाटायला माणसं त्या दोघांचीच होती. ते सावकाश वाकले. एक बाहुली परत फळीवर गेली, मग दुसरी; आणि कुणाचं मन दुखावू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या बाहुलीची मधली जागाही सोडून दिली.

"आता बरोबर ना?" त्यांनी दोघांना विचारलं. दोघांनीही मान डोलावली. आघाडीचं एवढं एकमत पहिल्यांदाच झालं असावं.

आजींनी चहाचा शेवटचा घोट घेतला, पेला दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि दारापाशी जाऊन रबरी बूट चढवले.

"आजी," मास्तर मागून म्हणाले, "मग मंडळाला काय सांगाल?"

"सांगेन, शिव्या घालायला जुनंच दार बरं." आजींनी तिन्ही बाहुल्यांना, जशी देवळात लववावी तशी, वाकून एकच नमस्कारवजा मान लववली, छत्री उघडली आणि बर्फातून बंदराच्या दिशेने चालू लागल्या.