दुखणं केतूराचं, तोंड डोरिसचं

आमच्या मेकन गावात घरातलं माणूस आजारी पडलं की आधी इस्त्री तापते. दवाखान्यात जायचं म्हणजे चर्चचे कपडे, गळ्यात मोती आणि डोक्यावर ईस्टरची हॅट. आपण काळे लोक. अंगावर चांगले कपडे असले तर डॉक्टर निदान मान वर करून बघतो, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. माझी आई अशीच जायची, मीही अशीच जाते. म्हणून माझी भाची केतूरा बाळंत होऊन घरी आली आणि तिचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, पाय सुजून चपलेत मावेनात, तेव्हा मी पहिल्यांदा तिचा निळा झगा बाहेर काढला. तिचा नवरा अलोन्झो बाळाला घेऊन घरी थांबला आणि आम्ही दोघी नटूनथटून निघालो.

नर्सनं केतूराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एवढं नटायला सुचतंय म्हणजे फार काही दुखत नसणार, असं म्हणाली. एक गोळी हातावर ठेवली आणि भरपूर पाणी प्या म्हणून वाटेला लावलं. जरा प्रेशर तरी बघा म्हटलं, तर मशीन दुसऱ्या खोलीत होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी जास्तीचं शहाणपण केलं. केस न विंचरता, घरातल्या गाउनवर तिला नेलं. आता सगळी चौकशी घराचीच. नशा कोण करतं, नवरा मारतो का, बाळ कुणाच्या जिवावर टाकून आलात. डोक्याबद्दल विचारायला वेळच उरला नाही. केतूरा शाळेत विज्ञान शिकवते. बाळंतपणानंतर प्रेशर चढलं की असं होतं, हे तिनं वर्गात समजावतात तसं सगळं नीट समजावून सांगितलं, तर इंटरनेटवर नको ते वाचत जाऊ नका, असा सल्ला मिळाला. पुन्हा गोळी, पुन्हा पाणी.

आमच्या चर्चमधली ओडेसा अशाच डोकेदुखीवर पाणी पीत पीत गेली. तिचं लेकरू आता आजीलाच आई म्हणतं. केतूराचं तसं मी होऊ देणार नव्हते, मग त्यासाठी काही का करावं लागेना.

कुंपणापलीकडे डोरिस राहते. गोरी, सत्तरीची, गुडघे सोडले तर ठणठणीत. ही शिंकली तरी डॉक्टर घरी फोन करून विचारतो. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"डोरिस, आजच्या दिवस तुझं तोंड उसनं दे."

"तोंड?"

"दुखणं आमच्याकडे आहे, ते आम्ही आणतो. तू नुसतं कण्हायचं."

डोरिस भली बाई, पण तिला वाटलं मी राईचा पर्वत करतेय. ते लोक चांगले आहेत गं, नीट सांगितलं की ऐकतात, असं म्हणत तिनं नवऱ्याचा जुना रेनकोट चढवला. नवरा दरवाजाएवढा होता बिचारा. त्या कोटात तिच्यासकट आणखी एक बाई सहज मावली असती.

दवाखान्याच्या खिडकीपाशी डोरिस म्हणाली, "हिचं डोकं फार दुखतंय हो." तिच्या तोंडून 'डोकं' एवढा शब्द सुटायचा अवकाश, चाकाची खुर्ची हजर. डोरिससाठी. अहो, मी नाही, ही, असं ती केतूराकडे बोट दाखवून सांगत राहिली. डॉक्टर व्हिटलो म्हणाला, असा गोंधळ उडणं हेसुद्धा लक्षणच आहे. बाळंत कधी झालात, असं त्यानं विचारलं. डोरिस म्हणाली, एकोणीसशे ऐंशीत.

"म्हणजे अलीकडेच," तो काळजीनं म्हणाला.

डोरिसला पलंगावर टेकवून बसवलं, प्रेशर घेतलं, ते झकास निघालं. मशीन बिघडलेलं दिसतं, असं म्हणून तो दुसरं आणायला गेला. कोपऱ्यातल्या स्टुलावर केतूरा डोकं धरून बसली होती. सगळं दोन-दोन दिसतंय म्हणाली, तर नातेवाइकांनी शांत बसावं, असं नर्सनं तिला बजावलं. नर्सची पाठ वळल्याबरोबर मी केतूराला उठवलं, डोरिसच्या मागे कोटात कोंबलं, डोरिसचा उजवा हात बाहीतून काढून घेतला आणि तिथं केतूराचा घातला.

नवं मशीन किंचाळलंच. सगळा मजला धावत आला.

हात काळा, नखांना जांभळा रंग, वर गोरा चेहरा आणि पांढरे केस. कुणाला काही खटकलं नाही. हाताकडे शीर सापडेपर्यंतच बघायचे, बाकी सगळे डोळे डोरिसच्या तोंडावर. झटके येऊ नयेत म्हणून सलाइनमधून औषध सुरू झालं. कसं वाटतंय, असं डॉक्टर डोरिसला विचारायचा, केतूरा तिच्या पाठीशी कुजबुजायची आणि डोरिस ते मोठ्यानं सांगायची. मध्येच डोरिसनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

"हे रोज असंच असतं?"

"तू कण्ह," मी म्हटलं.

पण ऊबदार पलंग, मऊ उशी. थोड्या वेळानं डोरिस घोरायला लागली. डॉक्टरनं कौतुकानं बघितलं. छान आराम पडलाय, औषध बंद करा म्हणाला. "नका बंद करू, अजून दोन-दोन दिसतंय," कोटातून केतूरा कळवळून म्हणाली. डॉक्टरनं मला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं. टीव्ही बंदच होता.

नर्सचा हात नळीकडे गेला आणि मी डोरिसच्या डाव्या दंडाला कचकचून चिमटा काढला. ती अशी ओरडली की नर्सनं हात मागे घेतला. औषध चालू राहिलं. मग दुपारभर माझं तेच काम. डोरिसची पापणी मिटली की चिमटा. हळूहळू मशीनवरचा आकडा उतरला, आणि केतूरा अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मावशी, भूक लागली गं." माझ्या जिवात जीव आला.

एवढ्यात डॉक्टर आला. डोरिसची बाही वर सरकली होती आणि दंड हिरवानिळा पडला होता. ते बघून तो गुडघ्यांवर बसला, तिचा हात हलकेच हातात घेतला आणि त्यावर फुंकर घातली.

"काही नाही हो, चिमटा आहे," डोरिस ओशाळून म्हणाली.

"असं अंगावर काढायचं नाही. जरा कुठं दुखलं की लगेच यायचं. आम्ही बसलोय कशाला?"

तो हे मनापासून म्हणत होता, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. कोट हलायला लागला. मला वाटलं केतूरा आत हसतेय. मलाही हसू आलं. मी कोटात हात घालून तिच्या गालाला लावला, तर तो ओलाचिंब होता.

डॉक्टरलाही ते हलणं दिसलं. थंडी वाजतेय वाटतं, असं म्हणून त्यानं स्वतः जाऊन एक पांघरूण आणलं आणि डोरिसच्या हनुवटीपर्यंत नीट खोचलं.