अंधारं स्वयंपाकघर

वकीलबाईंनी बजावलं होतं, "घराची किंमत ठरवणारा येईल तेव्हा तोंडाला कुलूप. तो जेवढी कमी लिहील, तेवढा नवऱ्याचा अर्धा हिस्सा तुम्हाला स्वस्त पडेल." बँकेनं कर्जाची मर्यादा सांगितली होती, वरचं दादा देणार होता. त्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. घर राहणार की जाणार, हे त्या माणसाच्या आकड्यावर होतं.

तो आला. त्याच्या मागून नवरा, आणि नवऱ्याच्या मागून ती. ह्याची मान दुखायची म्हणून मीच ह्याला तिच्याकडे व्यायामाला पाठवलं होतं. मान मोकळी झाली, पाठोपाठ हाही.

किंमतवाला बेडरूममधल्या ओलीचे फोटो काढत होता. मी मनातल्या मनात खूश. तेवढ्यात ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "किती अंधारं आहे हो. ताई, इथे चौदा वर्षं कशी काढलीत तुम्ही?"

ताई म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अंधारं नाहीये, पडदा ओढलाय." मी पडदा सारला, तसं ऊन थेट ओट्यावर आलं. मग मी थांबलेच नाही. नळ सगळे दोन वर्षांपूर्वी नवे बसवलेत. कपाटं सागवानी आहेत, वाजवून बघा. ओल वरच्यांच्या पाइपची होती, तो कधीच बदललाय, नुसता रंग द्यायचा राहिलाय. गच्चीचा हक्क कागदावर आहे, दाखवू? तिचं तोंड उतरावं म्हणून मी एकेक दार उघडत होते आणि किंमतवाला लिहून घेत होता. नवरा खिडकीशी गप्प उभा होता.

आकडा बँकेच्याही हाताबाहेर गेला आणि दादाच्याही. त्या दोघांना मात्र दोन पगारांवर मोठं कर्ज मिळालं. शेवटी त्यानंच माझा हिस्सा घेतला.

सह्या करायला बसलो तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी तिला कशाला आणलं होतंस?"

"तू गप्प बसू नयेस म्हणून," तो कागद उलटत म्हणाला.

मी सही केली. घराचं दुःख झालं ते पुढे. तेव्हा एवढंच खुपत होतं की ते अंधाऱ्या स्वयंपाकघराचं वाक्य ह्यानंच तिला शिकवलं असणार. दोघं कुठेतरी शेजारी शेजारी बसले असतील, ह्यानं माझा स्वभाव तिला समजावून सांगितला असेल, आणि ती पोट धरून हसली असेल.