मस्कतच्या डोंगरातला शुक्रवार

चर्चमधून, पपांच्या महिन्याच्या मिस्सेहून घरी परतल्यावर मार्कसकाकाने बॅगेतून व्हिडिओ कॅसेट काढली आणि जेवणाच्या टेबलावर, मटणाच्या टोपाशेजारी ठेवली.

"सगळी पिकनिक आहे यात," तो मम्मीला म्हणाला. "तुझा रोझारिओ झकास दिसतो."

मार्कसकाका आमच्या बोरीवलीच्या गावठाणातलाच. पपांना मस्कतला स्टोअरकीपरची नोकरी त्यानेच लावून दिली होती. शुक्रवारी तिथे सुट्टी. तशाच एका शुक्रवारी कंपनीतले पाच-सहा जण गाडी घेऊन वाळवंटातले डोंगर चढायला गेले आणि पपा तिथेच वारले. "हसता हसता गेला, हिल्डा," मार्कसकाकाने फोनवर मम्मीला सांगितलं होतं. "त्रास म्हणून झाला नाही." पेटी आली ती खिळे ठोकून बंद केलेली. उघडू नका, असं आम्हाला बजावलं गेलं. मम्मीने लाकडावर हात फिरवला, तेवढंच.

म्हणून तिला ती कॅसेट बघायची होती. मी आधी एकटी बघते म्हटलं, तर म्हणाली, "नवरा माझा होता ना गं? तोंड मी बघणार."

व्हीसीआर खालच्या मजल्यावर, विमलामावशींकडे. त्यांचा मुलगा दुबईला असतो. मार्कसकाका ताट हातात घेऊनच जिना उतरला. पायरीवर रस्सा सांडला, तो त्याने चपलेने पसरवला आणि पुढे गेला.

पडद्यावर उघडे डोंगर आले. झाड नाही, गवत नाही. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटांच्या रंगाचे कडे, आणि टोकाला एक पडका बुरूज. वाळवंटाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, पण तिथल्या सावल्यांना इतकी धार असते हे कुठे वाचलं नव्हतं. मला ते सुंदर वाटलं. लगेच स्वतःची शिसारी आली.

"काय चढाव होता, बघ!" मार्कसकाकाने मैद्याचा तळलेला फुगा रश्श्यात बुडवला. "रोझारिओ सारखा मागे. आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो." तो तोंड भरलेलं असतानाच हसला. हनुवटीवर तेलाचा ओघळ आला, तो त्याने तसाच राहू दिला.

मग पपा दिसले. एका दगडावर बसलेले, शर्टाची बटणं उघडी, चेहरा राखेसारखा. उजव्या हाताने डावा दंड दाबत होते. मम्मी खुर्ची सोडून टीव्हीसमोर जमिनीवर बसली.

"ए म्हातारे, ऊठ ना!" कॅमेऱ्यामागून मार्कसकाकाचाच आवाज आला. "हिल्डाला टाटा कर!"

पपांनी हात वर केला. हसले. मग त्यांचे ओठ हलले, पण वाऱ्याच्या घोंघावण्यात काही ऐकू आलं नाही. कॅमेरा बुरुजाकडे वळला.

"मागे घे," मम्मी म्हणाली. मी मागे घेतलं. पपांनी पुन्हा हात वर केला. "परत." पुन्हा केला. मग ती म्हणाली, "आता जाऊ दे पुढे."

बुरूज. विहीर. शेळ्या. निखाऱ्यावर भाजलेलं मटण. आता कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या हातात होता आणि मार्कसकाका स्वतः पडद्यावर आला होता, कोपरापर्यंत चरबीने माखलेला. त्याने पाण्याचा पिवळा कॅन कलता करून सावकाश हात धुतले, खळखळून चूळ भरली, खडकावर थुंकला. उरलेलं पाणी एका दोस्ताच्या डोक्यावर ओतलं. सगळे खिदळले. मागे, पडद्याच्या कोपऱ्यात, तोच दगड होता. पपा त्यावर पुढे वाकून बसले होते. तिकडे कोणी बघत नव्हतं.

"आराम करत होता," मार्कसकाका हाड चोखत म्हणाला.

विमलामावशींनी उठून टीव्ही बंद केला. "पुरे गो बाय," त्या म्हणाल्या.

"तो पाणी मागत होता," मम्मी म्हणाली.

"कोण?"

"माझा नवरा काय मागतो ते मला कळतं, मार्कस. आवाज लागत नाही."

"काय तू पण, हिल्डा! सगळे मजेत होते यार. कोणाला काय माहीत? आता गेला तो गेला." ताट टीपॉयवर ठेवून तो मोरीकडे निघाला.

दुपारी नळाला पाणी नसतं. मोरीत भरलेली बादली आणि तांब्या होता. पाहुण्याच्या हातावर घरच्या मुलीने पाणी घालायचं, ही आमची लहानपणापासूनची सवय. मार्कसकाकाने माझ्यापुढे दोन्ही हात धरले. नखांत मसाला, बोटांवर थिजत चाललेली चरबी. सवयीने मी तांब्या भरला.

"मोना," मागून मम्मी म्हणाली, "तांब्या ठेव."

मी ठेवला. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, हात पुढे करून. मग खिशातून रुमाल काढला, हात पुसले आणि कॅसेट घ्यायला व्हीसीआरकडे वळला.

"ती इथे राहील," मम्मी म्हणाली.

तो निघून गेला. दाराच्या मुठीवर त्याच्या बोटांचे पिवळे ठसे राहिले. मी ते साबणाने धुतले. मटणाचा वास गेला नाही, म्हणून परत धुतले.

आत येऊन बघते तर मम्मी अजून जमिनीवरच. "तेवढंच लाव," ती म्हणाली. "हात वर करतो, तेवढंच."

मी लावलं. कॅमेरा बुरुजाकडे वळायच्या आत थांबवता यावं म्हणून बोट बटणावरच ठेवलं.