प्रेरणेचा रतीब

टाळेबंदी लागली तेव्हा कुणाला किराण्याची काळजी पडली, कुणाला औषधांची, कुणाला गावाकडच्या म्हाताऱ्या आईवडिलांची. आमच्या रनिंग ग्रुपच्या कॅप्टनला माझ्या मनोबलाची काळजी पडली.

हा कॅप्टन जहाजाचा नाही की फौजेचा नाही. घरं विकून देणारा दलाल आहे. बागेत सकाळी धापा टाकायला जमणाऱ्या आम्हा हौशी लोकांना त्याने एकसारखे टी-शर्ट वाटले आणि त्याच दिवशी स्वतःला कॅप्टन नेमून टाकलं. आमच्या पुढे पाठमोरा पळत तो ओरडायचा, "शरीर थकत नाही, मन थकतं!" त्याचं शरीर खरंच थकत नसावं, कारण निम्मा वेळ तो फोटो काढायला उभाच असायचा.

बाकीची मंडळीही थोर. दातांची एक डॉक्टरीण होती, ती पळताना पळण्याबद्दलच बोलायची. बँकेतले एक साहेब होते. टाळेबंदीत ते सोफ्यावर आडवे होऊन घड्याळाचा हात हलवत राहायचे आणि घड्याळ इमानेइतबारे किलोमीटर मोजत राहायचं. त्यांच्या बायकोनेच हे ग्रुपवर फोडलं. तरी कॅप्टनने त्यांचं सातत्याबद्दल कौतुक केलं. सातत्य होतंच म्हणा, सोफा त्यांनी एक दिवस सोडला नव्हता.

आता या लोकांत मी काय करत होते? सासूबाईंमुळे गेले. पहाटे एकट्या बाईने रस्त्यावर पळू नये, असं त्यांचं मत, आणि त्यांचं मत म्हणजे घरातला शेवटचा शब्द. म्हणून ग्रुप. पण मी सगळ्यांच्या मागे, त्यांचे टी-शर्ट दिसतील आणि आवाज येणार नाही इतक्या अंतरावर पळायचे. कॅप्टन मला 'मौनी मॅडम' म्हणायचा. म्हणू दे. ऐकू येत नव्हतं तोवर माझी काही हरकत नव्हती.

मला पळायला कधी कुणी ढकलावं लागलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी कपडे धुण्याची मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात काम करते. दिवसभर कानाला हेडफोन आणि हेडफोनमध्ये माणसं. कुणाचं पाणी सुटत नाही, कुणाचं दार उघडत नाही, कुणाच्या मशीनमध्ये मोजा अडकलाय आणि त्याला मी जबाबदार आहे. "तुमची अडचण मी समजू शकते, सर," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणते की झोपेत कूस बदलतानाही तोंडून निघतं.

घरी नवरा. त्याची ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक गाडी, एक शिक्षक आणि तो शिक्षक तोच. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, इतकी वर्षं दुसऱ्यांना सूचना दिल्यामुळे त्याला आता सूचनेशिवाय बोलता येत नाही. मी कपाट उघडलं तरी "हळू, हळू, बाजूला बघ," असं होतं. मी भाजीत मीठ टाकताना त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. आणि सासूबाई. त्या वाईट नाहीत. जे दिसतं ते मोठ्याने सांगायची त्यांना सवय आहे, एवढंच. दूध उतू जायला लागलं की "दूध उतू जातंय" म्हणून सांगतात. गॅस बंद करत नाहीत.

या सगळ्यात सकाळचा एक तास असा होता की त्यात कुणी मला काही सांगत नव्हतं. माझे पाय, माझा श्वास, बस. तो तास मिळाला की उरलेला दिवस मी माणसात असायचे. नाही मिळाला की भांडी आपटली जायची. मला वजन उतरवायचं नव्हतं, पदक नको होतं, कुणाला हरवायचं नव्हतं. मला तो तास हवा होता.

टाळेबंदीने तो काढून घेतला. बाग बंद, रस्त्यावर पोलीस, ऑफिस घरात. बैठकीच्या खोलीच्या एका कोपऱ्यात मी हेडफोन लावून, दुसऱ्या कोपऱ्यात बिनकामाचा नवरा, मधे सासूबाई. लोकही घरातच, त्यामुळे मशीनवर ताण, आणि मशीनवर ताण म्हणजे माझ्यावर ताण. मी सकाळी कुणी उठायच्या आत इमारतीच्या गच्चीवर जायला लागले. पाण्याच्या टाक्यांभोवती गोल गोल, घाण्याच्या बैलासारखी. पण काय सांगू, सुख होतं! टाक्या बोलत नाहीत.

ते सुख कॅप्टनला बघवलं नाही. त्याने 'घरबसल्या मॅरेथॉन' काढली. ज्याने त्याने घरातच पळायचं आणि व्हिडिओ पाठवायचा. पहिला व्हिडिओ अर्थात त्याचा. हा गृहस्थ स्वतःच्या जेवणाच्या टेबलाभोवती पळाला, मागे त्याची बायको खुर्च्या उचलून बाजूला करत होती, आणि शेवटी तो कॅमेऱ्यात बघून रडला. स्वतःच्या जेवणाच्या टेबलाभोवती पळून माणूस रडतो, आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, "सर, तुम्ही आम्हाला जगायला शिकवलंत."

मी व्हिडिओ पाठवला नाही. मग रतीब सुरू झाला. रोज सकाळी दुधाच्या आधी प्रेरणा दारात. उगवत्या सूर्यावर लिहिलेलं एक वाक्य, पळणाऱ्या सिंहावर दुसरं, आणि खाली खास माझ्यासाठी, "मौनी मॅडम, कुठे हरवलात? खचू नका!" मी उत्तर दिलं नाही. न खचलेल्या माणसाने मी खचले नाही म्हणून लिहून द्यायचं, हा कुठला न्याय?

शेवटी त्याने फोन केला. मी तेव्हा एका गृहस्थांची अडचण समजू शकत होते, म्हणून फोन नवऱ्याने घेतला. मला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती.

"हो सर... अच्छा... खचलीय? मला वाटलंच होतं सर. बोलत नाही फारशी... घरच्यांचा पाठिंबा? का नाही, शंभर टक्के... मी स्वतः लक्ष घालतो सर."

फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. गाडी खाली धूळ खात उभी, ज्याला शिकवावं असा माणूस नाही, आणि अचानक घरातच एक शिकाऊ उमेदवार निघाली.

"अगं, मला आधी सांगायचंस ना," तो म्हणाला.

"काय सांगायचं?"

"की तुझं मोटिव्हेशन गेलंय."

"माझं काही गेलेलं नाही."

"असंच म्हणतात सगळे," नवरा समजूतदारपणे म्हणाला. "पहिल्यांदा गाडी बंद पडली की शिकणारा म्हणतो, मी काही केलं नाही."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले तर तो माझ्या आधी तिथे. हातात खडू. गच्चीभर त्याने पट्टे मारले होते, बाण काढले होते, टाकीच्या वळणावर 'सावकाश' लिहिलं होतं. दोन टाक्यांच्या मधून लायसन्सच्या परीक्षेतला इंग्रजी आठचा आकडा. कठड्याजवळ एक चौकोन, तिथे मी पळून झाल्यावर थांबायचं. म्हणजे पार्किंग. सासूबाईंसाठी खुर्ची आणली होती. त्या बसल्या आणि कामाला लागल्या.

"पळतेय," त्यांनी सांगितलं. "वळली. दमली वाटतं. केस सुटले बघ तिचे."

"वळणाच्या आधी वेग कमी!" नवरा ओरडत होता. "आठ पूर्ण कर, आठ! आता एकदा रिव्हर्स मारून बघ, गुडघ्यांना चांगलं असतं म्हणतात!"

समोरच्या इमारतीतले लोक बाल्कनीत आले. रिकामटेकड्या लोकांना आणखी काय हवं? टाळ्या वाजवायला लागले. एकाने ताटली आणली आणि चमच्याने बडवली. नवऱ्याने त्यांना हात केला, मीही करावा म्हणून मला खुणावलं, आणि ते सगळं मोबाईलवर कॅप्टनला पाठवून दिलं. "कुटुंब असावं तर असं," कॅप्टनचं उत्तर लगेच आलं. ग्रुपवर पुन्हा सगळ्यांचे हात जोडलेले.

मी आणखी काही दिवस गेले. नवरा उठायच्या आत निसटायचा प्रयत्न केला, पण आयुष्यभर उशिरा उठणारा तो माणूस आता पहाटेच बूट घालून बसलेला असायचा. मग मी जाणं सोडलं. झालं! औषध लागू पडत नाही म्हणून डोस वाढवला. कॅप्टन व्हिडिओ कॉलवर आला, मागे पळणाऱ्या घोड्यांचं चित्र. म्हणाला, "मॅडम, तुमची लढाई तुमच्या स्वतःशी आहे." माझी लढाई कुणाशी आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. ती दोघं माझ्या उजव्या-डाव्या बाजूला बसून मान हलवत होती.

त्या काळात मी वाईट वागले. एका बाईंची मशीन सारखी थरथरत होती, त्यांना मी म्हणाले, "मग तुम्हीही थरथरा." कंपनीने ताकीद दिली. सासूबाईंनी "रडतेय" म्हणून सांगितलं तेव्हा कुठे मला कळलं की मी रडतेय. तो तास आता परत मिळाला नाही तर मी या घरात कुणाच्या तरी अंगावर धावून जाईन, अशी मला खरीच भीती वाटायला लागली.

आणि मग सरकारने थोडी ढील दिली. सकाळी एक तास, व्यायामासाठी, बाहेर. बातमी ऐकली आणि मी रात्रीच बूट दाराशी ठेवले. सकाळी चोरपावलांनी उठले, पाणी प्यायले, वेणी बांधली आणि बाहेरच्या खोलीत आले.

नवरा स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. ग्रुपचा टी-शर्ट घातला होता. कॅप्टनने त्याच्यासाठी खास पाठवला होता, पोटावर ताणलेला.

"मीपण येतोय," तो म्हणाला. "जोडीने गेलं की उत्साह टिकतो, सर म्हणाले."

"तू येऊ नकोस."

"अगं, मी एक शब्द बोलणार नाही. शपथ."

"नको म्हटलं ना."

"बोलणारच नाही म्हणतोय तर काय त्रास आहे?"

मी दाराच्या कडीला हात घातला. त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"मला मोटिव्हेशन नकोय रे! कधीच नको होतं. मी तुमच्यापासून पळते, कळलं? तुझ्यापासून, आईंपासून, त्या मशीनवाल्यांपासून. तासभर कुणी मला काही सांगू नये म्हणून पळते. आता तूच सोबत आलास तर मी पळू कुणापासून?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दिसेल ते सांगणाऱ्या त्या बाईंनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

नवरा चिडेल असं मला वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाला कसं गुंडाळायचं हेच माझं काम आहे. तो चिडला नाही. खाली वाकून बांधलेल्या नाड्या सोडायला लागला. एक गाठ बसली होती, ती सुटेना. गाठीकडे बघतच त्याने विचारलं, "मग रोज परत कशाला येतेस?"

टोमणा नव्हता. सूचनाही नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचं होतं.

"हे काय विचारणं झालं!" असं म्हणून मी दार ओढून घेतलं.

रस्ता कधी नव्हे इतका मोकळा होता. बंद दुकानांची शटर, सिग्नल आपले कुणासाठी तरी लाल-हिरवे होतायत, चौकात तोंडाला मास्क लावलेला एक पोलीस. ना कॅप्टन, ना टाळ्या, ना बाण. ज्याच्यासाठी जीव टाकला होता तो तास माझ्या पुढ्यात पसरलेला होता. मी वेग घेतला. परत कशाला येते म्हणजे काय? घर माझं आहे म्हणून येते. मग घर त्याचंही आहे, तो तर कुठे जात नाही. कामावर बसायचं असतं म्हणून. काम तर कुठेही बसून होतं. सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ असते म्हणून. त्या गोळ्या तोच देतो. मी वेग वाढवला. छातीत कळ आली, पोटऱ्या भरून आल्या. एकेक उत्तर काढत गेले आणि एकेक खोटं पडत गेलं. जे एक उरलं ते मी त्याला कधी बोलून दाखवलेलं नव्हतं, आणि आज दारात जे सुनावून आले होते त्यानंतर ते त्याला खरं वाटण्याची शक्यता नव्हती.

माणूस नाही, काणूस नाही, आणि संबंध तासभर कानात नवरा. पोलिसाने वेळ संपल्याची शिट्टी मारली, तेव्हा मी घराकडे वळले. काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं, म्हणून चालतच निघाले.