धुरपदामावशींची काळी दाढ

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण माझ्यात बघून कुणी भांग पाडत नाही. लांब दांड्याला बसवलेला, रुपयाएवढा, दाढा बघायचा आरसा. कारखान्यातून निघालो तो थेट दौंडला, दातांचे डॉक्टर सत्यजीत यांच्या ट्रेमध्ये आलो. रोज वाफेतून निघायचं आणि परक्याच्या तोंडात शिरायचं, हे माझं काम. मी फक्त दाखवतो. ठरवतात डॉक्टर.

ठरवताना ते नुसतं माझ्यात बघत नसत, हे मला लवकरच कळलं. बाहेर गर्दी किती, पेशंट कुठल्या गावचा, परत येईल का, हेही बघत. सारखीच कीड असली तरी दौंडच्या माणसाची दाढ भरायचे आणि लांबून आलेल्याची काढायचे.

एकदा कासुर्डीच्या धुरपदामावशी आल्या. घरी शेवंतीचा मळा, सकाळ-संध्याकाळ दातांना तंबाखूची मिश्री. उजवीकडची दाढ ठणकत होती. मला तिच्या खाचा काळ्याभोर दिसल्या, हिरडी सुजलेली.

"काढून टाका, डाक्टर. शेवंतीचा तोडा हाय, परत यायला जमायचं न्हाई."

मिश्री लावणाऱ्या बाईची दाढ काळी म्हणजे किडलेलीच, हे डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं होतं. त्यांनी दाढ काढली. तिच्याबरोबर हिरडीत रुतलेला उसाचा धागाही निघाला. ठणका त्याचाच होता. मावशी गेल्यावर डॉक्टरांनी दाढ घासून धुतली, तर सगळं काळं निघून गेलं. खाली धडधाकट दाढ. ते कुणाला काही बोलले नाहीत.

मावशींचा ठणका थांबला, म्हणून त्यांनी पिशवीभर शेवंती पाठवली. मला त्या फुलांची लाज वाटली. डॉक्टरांनाही वाटली असावी, कारण तेव्हापासून ते आधी दाढ घासायचे, हवा मारून सुकवायचे आणि मगच मला आत घालायचे.

दोन वर्षांनी मावशी सुनेला, तेजश्रीला, घेऊन आल्या. तिला मिश्रीची सवय सासूनेच लावली होती.

"हिला थंड लागतंय. दाढबी काळी पडलीया. काढून टाका आन् मोकळं करा."

डॉक्टरांनी दाढ घासली, सुकवली. काळं गेलं. "दाढ चांगली आहे. मिश्रीने घासून हिरडी झिजलीय, म्हणून थंड लागतं."

मावशी माझ्यात डोकावल्या.

"मग माझी?"

डॉक्टरांनी मला खाली ठेवलं. "तुमचीही चांगलीच होती, मावशी. मी नीट न बघता काढली. चूक माझी."

"दोन वरसं एकाच अंगानं चावतीया मी," मावशी म्हणाल्या. "तवाच सांगायचं व्हतं." आणि सुनेला घेऊन निघून गेल्या.

आता माझ्यावर ओरखडे पडलेत, मी ड्रॉवरमध्ये असतो. मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल. पण काळं दिसलं की आधी ते पुसून बघा, मग ठरवा. आणि चुकलात, तर त्याच दिवशी सांगा. कासुर्डीची शेवंती आमच्याकडे पुन्हा आली नाही.