खोट्या गंजाखालचा सांधा

मी एक जुना सांधा आहे. गुडघ्याचा नव्हे, मित्रांनो. तो बाबांचा दुखतो. मी रुळांचा सांधा. एका रुळाचे दोन फाटे होतात, त्या जागी मी असतो. माझी पाती डावीकडे सरकली की गाडी फलाटाकडे जाते, उजवीकडे सरकली की मालधक्क्याकडे. लांबीने मी जेमतेम वीतभर, कारण माझी रेल्वे टेबलावर मावणारी आहे. तिला खेळणं मात्र म्हणू नका. बाबांना ते खपत नाही.

कारखान्यातून मी पातळ कागदात गुंडाळून बाहेर पडलो आणि दुकानाच्या काचेच्या कपाटात बसलो. तिथे माझी चकाकी बघून गिऱ्हाइकं थांबायची, त्यामुळे माझा नखरा तेव्हापासूनचाच. बाबांनी निवृत्तीच्या आठवड्यात मला घरी आणलं. खऱ्या रेल्वेत ते रूळ तपासायचे. तीस वर्षं रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून सात मैल चालायचे, रुळाला ठोका द्यायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज खणखणीत आला तर पुढे, बद्द आला तर काहीतरी ढिलं आहे. त्या सात मैलांतलं एक लहानसं स्टेशन त्यांनी सहा फुटी टेबलावर उभं केलं आणि स्टेशनाच्या तोंडाशी मला बसवलं. "या सांध्याने मला कधी दगा दिला नाही," असं ते आल्यागेल्याला सांगत. माझी छाती फुगायची.

मग बाबा आजारी पडले. त्यातून उठले, पण हात थरथरायला लागले. एकदा इंजिन रुळावर ठेवताना बाहीचा धक्का लागून सिग्नलचा खांब मोडला आणि इंजिन जमिनीवर पडलं. बाबांची मुलगी धावत आली. "बाबा, आता तुम्ही हात लावू नका. तुम्ही आपले बसा," ती म्हणाली. रागाने नाही, काळजीने म्हणाली. पण बाबा बसले ते बसलेच. आमच्यावर एक जुनी चादर आली आणि तिच्याखाली मी दोन वर्षं काढली. अंधाराचं मला काही वाटलं नाही. गाडी येत नाही याचं वाटायचं.

चादर निघाली ती वाईट बातमी घेऊनच. घर महिनाअखेरीस रिकामं करायचं होतं. नवीन जागा दोन खोल्यांची, जिना अरुंद, सहा फुटी टेबल वर चढणं शक्यच नव्हतं. "नाहीतर करवतीने तुकडे करावे लागतील," असं मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती. मी ते ऐकलं. खुर्चीत बसलेल्या बाबांनीही ऐकलं, पण ते खिडकीबाहेर बघत राहिले.

एकच आशा होती. वाचनालयाच्या मुलांच्या दालनात एक कोपरा रिकामा होता. ग्रंथपालबाई शनिवारी पाच वाजता बघायला येणार होत्या. त्यांनी आधीच बजावलं होतं, "गाडी अडली की मुलं पाठ फिरवतात. मला चालताना दाखवा, मग बघू."

मुलगी दुकानांच्या पाट्या रंगवते. हात असा सफाईदार की बघत राहावं. तिने ठरवलं, स्टेशन खरं दिसलं पाहिजे. आणि खरे रूळ काही चकाकत नाहीत. झालं! माझ्या अंगाला गंज फासायला सुरुवात झाली. मित्रांनो, मी मनातून किती चिडलो म्हणून सांगू! ज्या गंजापासून मला आयुष्यभर जपलं, तोच आता ती ब्रशने लावत होती, तोही खोटा.

पहिला रंग लागला तेव्हा बाबा खुर्चीतून बोलले, "ते रूळ वाटत नाहीत, चॉकलेट वाटतंय."

"मग कसा हवा?"

"सगळीकडे एकसारखा नसतो गं. गाडी ब्रेक मारते तिथे तांबूस भुकटी असते. इंजिन उभं राहतं तिथे तेलाचे काळे डाग. मालधक्क्याच्या रुळावर महिनोन्महिने गाडी नसते, तिथला गंज नारिंगी."

तिने तसं केलं. रुळांखालच्या आडव्या स्लीपरना राखाडी रंग दिला, चाळून घेतलेली बारीक खडी पसरली, ड्रॉपरने पातळ गोंद सोडला. माझ्या पात्यांच्या बिजागरीला तेलाचा थेंब लावून ठेवला, म्हणजे गोंद आत शिरू नये. रुळांचे माथे आठवणीने पुसले. सगळं नीट केलं. आणि शेवटी सवयीने घात केला. पाटीला रंग दिला की वर वार्निशचा एक हात द्यायचा, नाहीतर रंग टिकत नाही, हे तिच्या बोटांत इतकं भिनलेलं की चमक नसलेलं वार्निश तिने माझ्या पात्यांच्या आतल्या बाजूलाही फिरवलं. नेमकी तीच बाजू शेजारच्या रुळाला टेकते आणि वीज पुढे नेते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण सांध्याला तोंड कुठे असतं?

शनिवारी दुपारी चार वाजता तिने गाडी सोडली. इंजिन बोगद्यातून आलं, माझ्यावर चढलं आणि जागच्या जागी थांबलं. तिने बोटाने ढकललं. पुन्हा थांबलं. तिने माथे पुसले, तारा बघितल्या, इंजिन उलटं करून चाकं साफ केली. सव्वाचार झाले. साडेचार झाले. माझी पाती इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिच्या कपाळावर घाम होता आणि ब्रशच्या भांड्याशेजारी पक्कड येऊन पडली होती. "हा सांधाच गेलाय. उपटून टाकते," ती पुटपुटली. मी हाय खाल्ली. मला उपटलं की स्टेशनाकडे रूळच उरत नव्हता.

तिने पक्कड उचलली तेवढ्यात खुर्ची करकरली.

"आवाज बद्द येतोय," बाबा म्हणाले.

"काय?"

"बाकीच्या सांध्यांची पाती टेकतात तेव्हा टिक्‌ वाजतं. याचं बद्द वाजतंय. लोखंडाला लोखंड लागत नाहीये. मधे काहीतरी बसलंय."

ती पक्कड धरून तशीच उभी राहिली. मग तिला आठवलं. "अरे देवा, वार्निश! बाबा, तुम्हाला केव्हा कळलं?"

"सकाळी. तू पहिल्यांदा पातं हलवलंस तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालीस ना, तुम्ही आपले बसा."

पावणेपाच वाजले होते. तिने पक्कड खाली ठेवली, पॉलिश पेपरची पट्टी कापून दुमडली आणि माझ्या फटीत घालायला गेली. पण तिचेच हात आता घाबरून आखडले होते. पट्टी दोनदा वाकडी गेली. तिने बाबांकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही करता?"

"माझा हात हलतो, पोरी."

"हलू दे. घासायचंच तर आहे."

बाबा उठून टेबलाशी आले. तिने त्यांचं मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं, पट्टी बोटांत दिली आणि फटीशी नेऊन सोडली. आणि काय सांगू, त्या थरथरीने मला असं घासलं की कुठलं यंत्र घासणार नाही! बाबांना हात हलवावाही लागला नाही. बाजूंवरचा गंज तसाच राहिला, फक्त आतली कड उघडी झाली. बाबांनी पातं सरकवलं.

टिक्‌.

पाच वाजता बेल वाजली. ग्रंथपालबाई बॅग खांद्यावरून न काढताच टेबलाशी उभ्या राहिल्या. इंजिन बोगद्यातून निघालं. माझ्यावर चढलं. माझा जीव टांगणीला लागला होता. चाकं खडखडली आणि गाडी न अडखळता फलाटाला लागली. बाईंनी तीनदा चालवून बघितली. मग खाली वाकून तेलाचे डाग निरखले आणि म्हणाल्या, "कोपरा तुमचा. पण रोज याच्याकडे बघणार कोण? आमच्याकडे माणूस नाही."

बाबांनी हात खिशात घातले.

"बाबा येतील," मुलगी म्हणाली. "रोज सकाळी. सात मैल चालायची सवय आहे त्यांना, वाचनालय तर नव्या घरापासून चौथ्या गल्लीत आहे."

आता मी मुलांच्या दालनात असतो. बाबा दहाला येतात, खोडरबराने रुळांचे माथे पुसतात, एकेका सांध्याची पाती सरकवून ऐकतात, मग गाडी सोडतात. मुलं विचारतात, आजोबा, तुमचा हात का हलतो? बाबा सांगतात, "हा माझा पॉलिश पेपरवाला हात आहे."

मित्रांनो, बाजूंवरच्या गंजाला मी आता रागवत नाही. तो शोभतो मला. पण माथ्यावरची चकाकी रंगवून येत नाही, रोज गाडी गेली तरच राहते. म्हणून एवढंच मागतो. जपायचं म्हणून आम्हाला चादरीखाली ठेवू नका. आणि तुमच्या घरी कुणी खुर्चीत गप्प बसलेलं असेल, तर काम अडायची वाट न बघता आजच त्यांच्याजवळ जा आणि विचारा, "तुम्हाला काय ऐकू येतंय?"